चूक मंत्र्याची, बातमी शाईची!

राजकारणात बोलावे लागते, आणि रोज बोलणारा माणूस कधी ना कधी चुकतो. त्यांचे नेते चुकतात, आपलेही चुकतात. चुकीची बातमी झाली म्हणून आम्ही कधी रडलो नाही. आमची तक्रार मोजमापाची आहे. वजनात काटा मारणाऱ्या दुकानदाराला आपण सरळ चोर म्हणतो. मग एकाची मणभर चूक छटाकभर दाखवणाऱ्या आणि दुसऱ्याची छटाकभर चूक मणभर करून विकणाऱ्या बातमीदारीला काय म्हणायचे? निःपक्ष पत्रकारिता?

हे हवेतले बोलणे नाही. महाराष्ट्रातल्या दोन प्रकरणांची उजळणी करू. दोन्ही शिक्षणाशी संबंधित, दोन्हींत बाबासाहेबांचे नाव, दोन्हींत एका राजकारण्याची चूक. एक चूक सत्तेतल्या मंत्र्याची, दुसरी विरोधी बाकावरच्या आमदाराची. आणि दोन्ही वेळा जो प्रश्न आपल्या पोरांच्या भवितव्याचा होता, तोच नेमका बातमीतून गायब झाला.

शाई दिसली, वाक्य दिसले नाही

९ डिसेंबर २०२२. पैठण. राज्याचे तेव्हाचे उच्च व तंत्रशिक्षण मंत्री चंद्रकांत पाटील यांनी भाषणात एक मुद्दा मांडला. मुद्दा असा, की शाळा चालवायला सरकारी अनुदानावर कशाला अवलंबून राहता? फुले, आंबेडकर, कर्मवीर भाऊराव पाटील यांनी शाळा काढल्या, त्यांना सरकारने अनुदान दिले नव्हते. त्यांनी लोकांकडे भीक मागितली.

दुसऱ्या दिवशी पिंपरी-चिंचवडमध्ये त्यांच्या तोंडावर शाई फेकली गेली. शाई फेकणाऱ्यांवर खुनाच्या प्रयत्नाचे, म्हणजे ३०७ चे कलम लागले. बंदोबस्तावरच्या पोलिसांचे निलंबन झाले. एका वाहिनीच्या पत्रकारालाही संशयावरून ताब्यात घेण्यात आले. पुढे मंत्री महोदय एका कार्यक्रमाला फेस शील्ड लावून आले, तर त्या फेस शील्डचीही बातमी झाली.

त्या संध्याकाळी आम्ही वस्तीतल्या विहारात बसून बातम्या पाहत होतो. शाई उडतानाचे दृश्य पुन्हा पुन्हा, कधी संथ गतीने, कधी लाल गोल करून. तेवढ्यात आमच्यातल्या एका कार्यकर्त्याला एका वाहिनीचा फोन आला. चर्चेला या म्हणाले. विषय काय, तर 'शाई फेकणे योग्य की अयोग्य'. आमचा कार्यकर्ता म्हणाला, "येतो, पण मंत्री जे बोलले ते खरे की खोटे, यावर मला दोन मिनिटे द्या." पलीकडून उत्तर आले, "सर, विषय तो नाहीये."

विषय तो नाहीये! या तीन शब्दांत सगळी पत्रकारिता आली.

दुसऱ्या दिवशी विहारातल्या टेबलावर आम्ही वर्तमानपत्रे पसरली आणि पोरांना पेन्सिली दिल्या. म्हटले, मथळ्यांतल्या क्रियापदांखाली रेघ मारा. मंत्र्याच्या वाट्याला आलेले शब्द पाहा : जीभ घसरली, वादग्रस्त वक्तव्य, वाद ओढवून घेतला. आमच्या वाट्याला आलेले शब्द पाहा : हल्ला, भ्याड, आक्रमक, तणाव.

जीभ घसरली म्हणजे काय? केळीच्या सालीवरून पाय घसरावा तशी ती घसरते. माणूस बिचारा निर्दोष. 'वादग्रस्त' हा तर त्याहून सोयीचा शब्द. एखादे विधान खरे आहे की खोटे हे तपासण्याचे काम या एका शब्दाने टळते. तुम्ही म्हणता खोटे, ते म्हणतात खरे, आम्ही म्हणतो वादग्रस्त. झाली पत्रकारिता! आणि मग ठरलेला मथळा येतो, 'दलित संघटना आक्रमक'. अपमान करणारा घसरतो आणि अपमान झालेला आक्रमक होतो. हा मथळा आम्ही लहानपणापासून वाचत आलो आहोत. घटना बदलते, जिल्हा बदलतो, मंत्री बदलतो, मथळा तोच.

वाक्य तपासले असते तर

मंत्र्यांनी नंतर दिलगिरी व्यक्त केली. भीक म्हणजे वर्गणी, देणगी असा आपला अर्थ होता, असे सांगितले. समजा, क्षणभर मान्य केले. 'भीक' शब्द काढून तिथे 'देणगी' घाला. उरलेले वाक्य तरी खरे आहे काय?

महात्मा फुल्यांच्या शाळांना दक्षिणा फंडातून सरकारी मदत मिळत होती. १६ नोव्हेंबर १८५२ रोजी पुण्यात विश्रामबागवाड्यात सरकारने शिक्षणकार्याबद्दल त्यांचा जाहीर सत्कार केला. आणि १८८२ साली हंटर आयोगापुढे जोतिरावांनी जे निवेदन दिले, ते तर सरकारच्या तिजोरीवर हक्क सांगणारेच आहे. शेतकरी-कष्टकऱ्यांच्या घामातून सारा गोळा होतो आणि तो वरच्या वर्गांच्या उच्च शिक्षणावर खर्च होतो, हे त्यांनी आयोगाला सुनावले. प्राथमिक शिक्षण सक्तीचे करा, किमान बाराव्या वर्षापर्यंत करा, असे बजावले. हा माणूस भीक मागत होता काय? तो हिशेब मागत होता!

बाबासाहेब १९२७ मध्ये मुंबई विधिमंडळात गेले. पहिल्याच वर्षी शिक्षणाच्या अनुदानावर बोलताना त्यांनी सरकारला धारेवर धरले. दारूवरच्या करातून लोकांच्या खिशातून जितका पैसा काढता, निदान तितका तरी लोकांच्या शिक्षणावर खर्च करा, ही त्यांची मागणी. पुढे व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात असताना १९४२ मध्ये त्यांनी व्हाइसरॉयपुढे निवेदन ठेवले आणि अस्पृश्य विद्यार्थ्यांच्या शिक्षणासाठी सरकारी तिजोरीतून पैसा मागितला. पीपल्स एज्युकेशन सोसायटी १९४५ ची आणि सिद्धार्थ महाविद्यालय १९४६ चे. म्हणजे संस्था उभी करण्याच्या आधी अठरा वर्षे हा माणूस सरकारला सांगत होता, की शिक्षण ही तुमची जबाबदारी आहे.

कर्मवीर भाऊरावांनी घरोघरून मूठ मूठ धान्य गोळा केले, लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने मोडले, हे खरेच. पण रयत शिक्षण संस्थेला सरकारी अनुदानही होते. होते म्हणूनच तर १९४८ मध्ये ते थांबवता आले! आणि ते पुन्हा सुरू व्हावे म्हणून खुद्द गाडगेबाबांनी मुख्यमंत्री बाळासाहेब खेरांकडे शब्द टाकला. अनुदान ही मेहरबानी असती तर गाडगेबाबांसारख्या निरिच्छ माणसाने त्यासाठी मुख्यमंत्र्यांचे दार ठोठावले असते काय?

म्हणजे मंत्र्यांचे वाक्य शब्दानेही चुकीचे आणि इतिहासानेही चुकीचे. पण त्याहून गंभीर गोष्ट पुढे आहे. हे वाक्य बोलणारा माणूस रस्त्यावरचा कोणी नव्हता. तो राज्याचा शिक्षणमंत्री होता. शिक्षणमंत्री जेव्हा सांगतो की अनुदानावर विसंबू नका, लोकांकडून गोळा करा, तेव्हा ती जीभ घसरलेली नसते. ते धोरण असते. ज्या राज्यात विनाअनुदानित शाळांचे शिक्षक वर्षानुवर्षे आझाद मैदानावर बसतात, ज्या राज्यात शिष्यवृत्ती वेळेवर आली नाही म्हणून आपली पोरे कॉलेजच्या खिडकीपाशी ताटकळतात, त्या राज्यात हा प्रश्न किमान आठवडाभर चालायला हवा होता. 'शिक्षणाचा खर्च सरकार अंगावरून झटकते आहे काय?' एवढा एकच प्रश्न. तो पडद्यावर आला नाही. कारण पडद्यावर शाई होती.

'भीक' हा शब्द आम्हाला का लागतो

काही संपादक मंडळी म्हणाली, एका शब्दासाठी एवढा गदारोळ कशाला? मंत्री ग्रामीण बोलीत बोलले, भावना पाहा.

भावनाच पाहू. आमच्या आज्या-पणज्यांच्या पिढीने गावकी केली आहे. येसकराची पाळी असली की दिवसभर गावाची कामे करायची आणि संध्याकाळी दारोदार हाक देऊन भाकर मागायची. वरून टाकलेली, शिळी, कधी कालची, कधी परवाची. ती मजुरी होती, पण तिला मजुरी म्हणायची सोय नव्हती. ती भीक म्हणूनच वाढली जायची. बाबासाहेबांनी मार्च १९२७ मध्ये महाडला आपल्या लोकांना काय सांगितले? मेलेले ढोर ओढू नका, खाऊ नका, उष्टी-शिळी भाकर मागू नका. १९२८ मध्ये त्यांनी महार वतनाचे विधेयक आणले ते याच भाकरीच्या टोपल्यातून आपल्याला सोडवायला. लोकांनी बाबासाहेबांच्या शब्दावर टोपली फेकली, उपास काढले, बहिष्कार सोसला, शेत-शिवार सोडून गिरणीत आणि गोदीत गेले.

ज्याने एका समाजाला भीक मागणे सोडायला शिकवले, त्याच माणसाने भीक मागितली असे म्हणायचे! हा शब्द आम्हाला का जाळतो, ते ज्याच्या घरात ती टोपली होती त्याला सांगावे लागत नाही. ज्याच्या घरात ती नव्हती, त्याने निदान विचारायला तरी हवे होते. 'मूकनायक' निघाला तेव्हा शाहू महाराजांनी अडीच हजार रुपयांची मदत केली. ती भीक होती काय? ती एका लढवय्याने दुसऱ्या लढवय्याला दिलेली रसद होती.

महाडचा फाटलेला कागद

आता दुसरे प्रकरण. मे २०२४. राज्याच्या शालेय अभ्यासक्रम आराखड्याचा मसुदा जाहीर झाला. त्यात मूल्यशिक्षणाच्या भागात मनुस्मृतीतला श्लोक आला. ज्या राज्यात २५ डिसेंबर १९२७ ला मनुस्मृती जाळली गेली, त्याच राज्याच्या शिक्षणाच्या आराखड्यात मनुस्मृती! याचा निषेध म्हणून २९ मे रोजी आमदार जितेंद्र आव्हाड महाडला चवदार तळ्यावर गेले. आंदोलनाच्या भरात त्यांनी एक पोस्टर फाडले आणि त्या पोस्टरवर बाबासाहेबांचेही चित्र होते.

चूक झाली. मोठी चूक झाली. हातात काय आहे हे न पाहता फाडणे हा निष्काळजीपणा होता आणि तोही चवदार तळ्यावर! आम्हालाही राग आला. आव्हाडांनी त्याच दिवशी माफी मागितली. आम्ही त्यांचे वकील नाही, त्यांच्या पक्षाचे तर मुळीच नाही. पण आता मोजमाप पाहा.

त्या दिवशी वाहिन्यांवर कोणी जीभ किंवा हात 'घसरल्याचे' सांगितले नाही. सरळ 'बाबासाहेबांचा फोटो फाडला'. राज्यभर सत्ताधारी पक्षांची आंदोलने, जोडे मारणे, गुन्हे दाखल. ज्यांना पैठणच्या वेळी भावना पाहा असे वाटत होते, त्यांना महाडच्या वेळी भावना दिसल्या नाहीत. फक्त फाटलेला कागद दिसला. सत्ताधारी बाजूचे छगन भुजबळ मात्र उघडपणे बोलले, की आव्हाडांचा हेतू वाईट नव्हता आणि मनुस्मृतीचा मुद्दा बाजूला पडता कामा नये. स्वतःच्या आघाडीत राहून हे बोलायला धाडस लागते, ते त्यांनी दाखवले.

आम्ही त्या रात्री वाहिन्या बदलत बसलो होतो. फाटणारा कागद प्रत्येक ठिकाणी होता. आराखड्याचे ते पान, तो श्लोक, ते प्रकरण कुठेतरी पडद्यावर लावतील, तज्ज्ञाला बोलावून विचारतील, की बाबा रे, मूल्यशिक्षणासाठी या देशात संविधानाची उद्देशिका कमी पडली काय? आम्हाला ते दिसले नाही. अभ्यासक्रमात मनुस्मृती घेणार नाही, असे शालेय शिक्षणमंत्र्यांना सांगावे लागले, म्हणजे मुद्दा खरा होता. पण तो मुद्दा मांडायला गेलेला माणूस आरोपी झाला आणि श्लोक मसुद्यात घालणारा हात कोणाचा, हे महाराष्ट्राला कळलेच नाही.

दोन्ही प्रकरणे शेजारी ठेवा. मंत्र्याची चूक झाली तेव्हा चूक लहान केली आणि तिची प्रतिक्रिया मोठी केली. विरोधकाची चूक झाली तेव्हा चूक मोठी केली आणि तिच्यामागचा मुद्दा पुसला. पद्धत उलटी, फळ एकच. पैठणला झाकला गेला तो शिक्षणाच्या पैशाचा प्रश्न. महाडला झाकला गेला तो शिक्षणाच्या आशयाचा प्रश्न. आपल्या पोरांनी कोणाच्या पैशाने शिकायचे आणि काय शिकायचे, हे दोन्ही प्रश्न गेले.

दिल्लीतही तेच

१७ डिसेंबर २०२४ रोजी संविधानाच्या पंचाहत्तरीच्या चर्चेला उत्तर देताना गृहमंत्री अमित शहा राज्यसभेत म्हणाले, की आंबेडकर आंबेडकर म्हणण्याची आता फॅशन झाली आहे. इतके देवाचे नाव घेतले असते तर सात जन्म स्वर्ग मिळाला असता. बाबासाहेबांच्या नावाने ज्यांना या जन्मात माणूसपण मिळाले, त्यांना स्वर्गाचे आमिष! शहांचे म्हणणे, की वाक्य तोडून दाखवले, आपण काँग्रेसचा ढोंगीपणा सांगत होतो. ठीक आहे. काँग्रेसने बाबासाहेबांना निवडणुकीत पाडले, हे आम्हाला कोणी सांगायला नको. पण काँग्रेस ढोंगी आहे म्हणून बाबासाहेबांचे नाव फॅशन होत नाही.

दोन दिवसांनी, १९ डिसेंबरला, संसदेच्या दारात खासदारांची धक्काबुक्की झाली. दोन खासदार जखमी झाले, विरोधी पक्षनेत्यावर तक्रार झाली. आणि त्या क्षणापासून बातमी बदलली. कोणी कोणाला ढकलले? कोण पायऱ्यांवर पडले? पैठणला शाई होती, महाडला कागद होता, दिल्लीला पायऱ्या होत्या. मूळ वाक्य तिन्ही वेळा मागे पडले.

आठवल्यांची कविता आणि पाच वाजताची थाळी

आता आपल्यातल्याच एकाचे उदाहरण. रामदास आठवले यांनी फेब्रुवारी २०२० मध्ये गेटवे ऑफ इंडियावर 'गो कोरोना'ची घोषणा दिली. देशभर हसे झाले. वाहिन्यांनी महिनोन्महिने ती चित्रफीत चघळली.

त्यानंतर काहीच आठवड्यांनी, २२ मार्चला संध्याकाळी पाच वाजता, देशाला थाळ्या वाजवायला सांगण्यात आले. तेव्हा हेच कॅमेरे थेट प्रक्षेपणाला उभे होते. घोषणेने विषाणू जात नाही हे ज्यांना कळत होते, त्यांना थाळीने जात नाही हे कळत नव्हते काय? थाळी आरोग्य कर्मचाऱ्यांच्या सन्मानासाठी होती, हे आम्हालाही ठाऊक आहे. पण जागोजागी घोळके करून मिरवणुका निघाल्या, तेव्हा त्यातला विनोद कोणाला दिसला नाही. विनोद फक्त आठवल्यांचा.

आठवल्यांशी आमचे टोकाचे मतभेद आहेत. पँथरची आणि नामांतराच्या लढ्याची पुण्याई त्यांनी कुठे नेऊन ठेवली, यावर आम्ही अनेकदा लिहिले आहे. पण ते २०१६ पासून सामाजिक न्याय खात्याचे राज्यमंत्री आहेत. माईक घेऊन त्यांच्यापुढे उभा राहणारा पत्रकार त्यांना काय विचारतो? 'साहेब, एक कविता होऊन जाऊ द्या.' शिष्यवृत्तीचे काय झाले, अत्याचाराच्या खटल्यांचे काय झाले, हे विचारत नाही. आठवले विनोदी असणे सगळ्यांच्या सोयीचे आहे. मंत्र्याला उत्तर द्यावे लागत नाही, सरकारला हिशेब द्यावा लागत नाही, आणि प्रेक्षकाला असे वाटत राहते की आंबेडकरी राजकारण म्हणजे असेच काहीतरी करमणुकीचे.

माध्यमांना जमत नाही असे नाही

कोणी म्हणेल, तुम्ही निवडक उदाहरणे देता. मग हे घ्या. एप्रिल २०१३ मध्ये दुष्काळ होता. उपमुख्यमंत्री अजित पवार इंदापूर तालुक्यातल्या सभेत धरणातल्या पाण्यावरून बोलले ते साऱ्या महाराष्ट्राला पाठ आहे. तेव्हा मराठी माध्यमांनी ते वाक्य सोडले नाही. कोणी घसरलेल्या जिभेची सबब ऐकली नाही. दुष्काळ, उजनीचे पाणी, उपोषणाला बसलेला शेतकरी, सगळे त्या वाक्याशी जोडले. अजित पवारांना माफी मागावी लागली, कराडला यशवंतरावांच्या समाधीपाशी आत्मक्लेशाला बसावे लागले.

चांगले केले. पत्रकारिता असावी तर अशी! म्हणजे येते त्यांना. वाक्याला मुद्दा जोडता येतो, मुद्द्याला माणूस जोडता येतो, सत्तेतल्या नेत्याला आठवडाभर प्रश्न विचारता येतो. मग पैठणच्या वाक्याला अनुदानाचा प्रश्न का जोडला नाही?

उत्तर फार गूढ नाही. २००६ मध्ये दिल्लीतल्या ३७ माध्यमसंस्थांमधल्या ३१५ वरिष्ठ, निर्णय घेणाऱ्या पत्रकारांची पाहणी झाली. त्यात अनुसूचित जाती-जमातींचा एकही माणूस सापडला नाही. २०१९ मध्ये ऑक्सफॅम इंडिया आणि न्यूजलाँड्री यांनी पुन्हा मोजले. वृत्तसंस्थांमधल्या १२१ नेतृत्वपदांपैकी १०६ उच्चवर्णीयांकडे आणि अनुसूचित जाती-जमातींकडे शून्य. तेरा वर्षांत शून्याचे शून्यच राहिले.

याचा अर्थ रोज सकाळी संपादक जमून आपल्याविरुद्ध कट करतात असा नाही. तसे मानणे हा आपला आळस आहे. सत्तेच्या जाहिरातींचा दाब आहे, मालकांचे धंदे आहेत, ते तर आहेच. पण दुष्काळातल्या शेतकऱ्याचा कोरडा घसा वृत्तकक्षातल्या कोणाच्या तरी गावात, कोणाच्या तरी भावकीत होता. भाकरीची टोपली त्या खोलीत कोणाच्याच घरात नव्हती. म्हणून धरणाचे वाक्य त्यांना बोचले आणि भिकेचे वाक्य त्यांना फक्त 'वादग्रस्त' वाटले.

बाबासाहेबांना हे शंभर वर्षांपूर्वी कळले होते. ३१ जानेवारी १९२० ला 'मूकनायक' निघाला, तेव्हा पैसे देऊनही त्याची जाहिरात छापायला 'केसरी'ने नकार दिला होता. बाबासाहेब त्यावर रडत बसले नाहीत. 'मूकनायक' नंतर 'बहिष्कृत भारत', मग 'जनता', मग 'प्रबुद्ध भारत'. उच्चशिक्षित, कामाच्या ओझ्याखाली दबलेला हा माणूस स्वतः रकानेच्या रकाने लिहीत होता आणि विरोधी पत्रांच्या टीकेला मुद्द्यागणिक उत्तर देत होता.

आता आपल्याकडे वळू

इथे आमच्यातलेच काही चिडतील. चिडा, पण वाचा.

पिंपरीची ती शाई कोणाच्या कामी आली? राग खरा होता, याबद्दल आमच्या मनात शंका नाही. शाई फेकली म्हणून खुनाच्या प्रयत्नाचे कलम लावणे हा सत्तेचा माज होता, याबद्दलही नाही. पण ९ तारखेच्या रात्री तो मंत्री उत्तर देण्याच्या जागेवर होता आणि १० तारखेच्या संध्याकाळी तो पीडित झाला. त्यांना जी पळवाट हवी होती, ती आपण आपल्या हाताने उघडून दिली. बाबासाहेबांनीही शाईच वापरली, पण कागदावर. ती अजून वाळलेली नाही.

आणि आपले मोबाइल? आव्हाडांची चित्रफीत आपणच एकमेकांना पाठवली. आराखड्याचे ते पान आपल्यापैकी किती जणांनी पाठवले? पानात मजा नसते, फाटणाऱ्या कागदात असते. वाहिनीला नावे ठेवता ठेवता आपण तिचे बिनपगारी वाटप कर्मचारी झालो आहोत.

म्हणून तरुणांना आमचे सांगणे आहे. पुढच्या वेळी कोणी नेता असे काही बोलला, आणि तो बोलणारच, तर पहिल्या दिवशी त्याचे पूर्ण वाक्य मिळवा. मागचे-पुढचे न तोडता, तारीख-ठिकाणासह जपून ठेवा. म्हणजे 'तोडून दाखवले' म्हणायची सोय राहणार नाही. दुसऱ्या दिवसाच्या आत ते वाक्य इतिहासाने आणि आकड्याने तपासून लोकांपुढे मांडा. फुल्यांचे हंटर आयोगापुढचे निवेदन आणि बाबासाहेबांची विधिमंडळातली भाषणे शासनानेच छापली आहेत. ती विहारातल्या कपाटात आहेत, फक्त जयंतीला बाहेर येतात. वाहिनीने खोडसाळ मांडणी केली तर शिवी देण्याऐवजी लेखी तक्रार करा. आधी वाहिनीकडे, मग वृत्तवाहिन्यांच्या मानक प्राधिकरणाकडे. वर्तमानपत्र असेल तर प्रेस कौन्सिलकडे. मुदत थोडी असते, म्हणून त्याच आठवड्यात करा. माहिती अधिकारात अर्ज टाका, की आमच्या जिल्ह्यात किती शिष्यवृत्त्या थकल्या. तो कागद हातात घेऊन मंत्र्याच्या सभेत उभे राहा. शाईपेक्षा त्या कागदाची धास्ती त्याला जास्त वाटेल.

आणि शेवटचे, सगळ्यात जड. आज आपल्या पोरांच्या हातात वाहिन्या आल्या आहेत. गावोगावी यूट्यूबवर आपली माणसे बोलत आहेत, हे फार मोठे काम आहे. पण उद्या आपल्या गटाच्या, आपल्या पक्षाच्या नेत्याची चूक झाली, तर आपण ती दाखवणार की झाकणार? बाजूच्या गटाच्या नेत्याची तीच चूक दहा दिवस चालवणार काय? तसे केले तर काट्याखाली दगड त्यांनीही लावला आणि आपणही लावला, एवढाच फरक राहील. आपल्याला नवा काटा हवा आहे. त्यात आठवलेही तोलले जातील, आव्हाडही, चंद्रकांत पाटीलही, आणि आम्हीसुद्धा.

आमच्या कार्यकर्त्याला त्या रात्री सांगितले गेले, विषय तो नाहीये. विषय कोणता हे ठरवण्याचा अधिकार ज्याच्या हातात, त्याच्या हातात खरी सत्ता. तो अधिकार आपल्याला कोणी चर्चेला बोलावून देणार नाही. आपल्या पोरांचे शिक्षण हाच विषय आहे, आणि तो आपणच चालवायचा आहे.

जयभीम!